पडद्यामागून

मंगळवार, संध्याकाळ

शाळा सोडल्यापासून आई मला घरीच शिकवते, आणि घरखर्चासाठी बाहेरच्या खोलीत ट्यूशन घेते. मला लोकांसमोर जायची भीती वाटते, म्हणून मुलं आली की मी पडद्यामागे. आज गॅसवाला आला म्हणून आई खाली गेली आणि छोटी गुड्डी भागाकारात अडकून रडायला लागली. मी पडद्यामागूनच म्हटलं, "ऊपर से शून्य उतारो."

"दीदी, बाहर आओ ना, दिखता नहीं!"

गेले. तिच्या वहीत शून्य उतरवून दाखवलं, गणित सुटलं. दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची आरती ऐकू यायला लागली तरी पोरं उठेनात.

छोट्यांना मी शिकवलं तर आईला आणखी मुलं घेता येतील, ती कधीची म्हणतेय. जमेल मला?

आत्ताच तिनं विचारलं, "पडदा धुवायला काढू का गं?"

म्हटलं, "काढ. परत लावू नकोस."