खाली जाणारा बाण

४ सप्टेंबर

बाबांनी आज फळ्यावर आवर्तसारणीतला बाण उलटा काढला! फ्लोरीनपासून खाली, थेट आयोडीनपर्यंत. वर म्हणाले, "गणात खाली जाताना विद्युतऋणता वाढते." वाढते? इलेक्ट्रॉन ओढायची ताकद खाली कमी होते! अणू मोठा होत जातो, मग केंद्रकाची ओढ बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पुरत नाही. हे मला त्यांनीच शिकवलंय, जेवता जेवता, ताटात बोटानं गोल काढून.

मी नुसता माझ्या वहीतला बाण वर वळवला. घरी बाबा असले तरी वर्गात ते 'सर'. शेवटी पहिल्या बाकावरचा चष्मिष उठला. बाबा हसले – "बघत होतो, कोण जागं आहे ते!" सगळे हसले. मीही हसले, निर्लज्जासारखी.

६ सप्टेंबर

पुन्हा तोच बाण.

७ सप्टेंबर

आईला सांगितलं. "दमतात गं ते. तू नसते विचार करू नकोस." धुतलेली भांडी परत धूत होती. म्हणजे हिलाही माहीत आहे!

१२ सप्टेंबर

आज रस्सीखेच होती. रासायनिक बंध शिकवायला बाबा दरवर्षी दोन मुलांच्या हातात दोरी देतात. जोर सारखा असला की गाठ मधेच राहते – इलेक्ट्रॉन वाटून घेतले, सहसंयुज बंध. एकाचा थोडा जास्त असला की गाठ त्याच्याकडे सरकते – ध्रुवीय. आणि सोडियमसमोर क्लोरीनसारखा पैलवान आला की दोरीच हिसकावतो – आयनिक. या तासाला वर्ग नेहमी छप्पर डोक्यावर घेतो.

आज बाबा दोरी हातात धरून नुसते उभे. "ही कुणी आणली?" कोणीच हसलं नाही.

१५ सप्टेंबर

कुणाच्या तरी घरून तक्रार गेलीच. सोमवारी मुख्याध्यापिका बाई मागे बसून तास बघणार. पटलं नाही तर बाबांचा वर्ग काढून घेणार. फळा काढून घेतला तर या माणसाकडे उरणार काय? आणि मी काय करू शकते? काही नाही. कप्पाळ!

१७ सप्टेंबर, रविवार

बाबांनी गच्चीवर बोलावलं. कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या पहिल्या बाकावर बस. मी चुकलो की पेन खाली पाड. मला कळेल."

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. सगळं! मला रडूच कोसळलं. "अगं, पेन पाडायचंय, डोंगर नाही उचलायचा," म्हणाले. मग खोलीत सराव केला. दर वेळी पेन पडलं की थांबायचे, बाण पुसून वर वळवायचे. जमतंय! आज झोप लागेल.

१८ सप्टेंबर

मागे बाई बसल्या होत्या. बाण खाली निघाला. मी पेन पाडलं.

बाबा थांबले. वाकून पेन उचललं, माझ्या बाकावर ठेवलं. "नीट धर गं," म्हणाले, आणि बाण आयोडीनपर्यंत नेला.

मी पुन्हा पाडलं. त्यांनी पुन्हा उचलून दिलं.