सवयीचं व्याख्यान

प्रिय सम्यक,

जय भीम. मला माझीच किळस आलीय, म्हणून फोन न करता लिहितेय. फोनवर तू हसून विषय उडवतोस आणि मी उडवू देते.

काल रूपा माझ्याकडे पुंडलिकनगरला आली होती. रात्रपाळी करून आलास की खिडक्यांना गोधड्या लावून झोपतोस, तरी तासाभरात उठून बसतोस म्हणे. पोरीवर खेकसतोस, जेवलास की पोट दगड होतं. बायको घाबरलीय रे तुझी. माय असती तर तिनं दृष्ट काढली असती, पण तुझी दृष्ट कुणी काढायची गरज नाय, मला कारण माहीत आहे. तेच तर वाईट.

वर्गात मी रोज शिकवते. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, तांदळाच्या कणीपेक्षा लहान घड्याळ असतं. उजेड पाहून ते वेळ लावून घेतं. यकृताचं घड्याळ वेगळं, ते आणखी मागं रेंगाळतं. पीएचडीला मी उंदरांच्या पिंजऱ्यातला दिवा आठ तासांनी सरकवायचे, तर त्यांचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर हलायचं. नवी वेळ अंगवळणी पडायला आठवडा. आणि तुमची पाळी बदलते आठवड्यालाच! उंदरांना तरी मी मध्ये विसावा द्यायचे.

एवढं माहीत असून मार्चमध्ये मी तुमच्या कारखान्यात व्याख्यानाची शाल घेतली आणि सगळ्या कामगारांना सांगितलं, की शिफ्टची शरीराला सवय होते. तुमच्या मॅनेजर ऋतुराज साहेबांनी वाक्य लिहून दिलं, मी पोपटासारखं म्हटलं. तू दुसऱ्या रांगेत लई टाळ्या वाजवत होतास, स्टेजवर आपली आक्का म्हणून. थू माझ्यावर! ती शाल अजून कपाटात आहे, हात लावायला शिसारी येते.

जाताना रूपानं पर्समधून चौकशीची नोटीस काढली. प्रेस मशीनवर तुझा डोळा लागला आणि तुझ्या जोडीला काम करणाऱ्या शिवमची दोन बोटं गेली, हे मला तिच्याकडून कळावं? कंपनीनं लिहिलंय, निष्काळजीपणा कामगाराचा, झोपेविषयी प्रशिक्षण दिलं होतं. सोबत माझं व्याख्यान जोडलंय. आणि माझं नाव मध्ये येऊ नये म्हणून तू चूक कबूल करून नोकरी सोडणार आहेस. खबरदार! सोमवारी चौकशीला मी येतेय. मार्चमध्ये मी खोटं बोलले, हे लेखी देणार आहे. कॉलेजात माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी पोचेपर्यंत कशावरही सही करू नकोस.

तुझीच,
विशाखाआक्का