मागची लिफ्ट

द्वारका, नवी दिल्ली,
९ नोव्हेंबर २००५

प्रिय प्रफुल्ल,

सप्रेम जय भीम.

रविवारी तुझ्या गृहप्रवेशातून मी न जेवता निघून आलो, म्हणून तू रागावला आहेस, असं आई म्हणाली. पोटात दुखतंय, असं मी तिला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला किळस आली होती.

आदल्या दिवशीच तुझ्याकडे आलेल्या आईने पाहुण्यांसाठी मागवलेली गाद्यांची वळकटी खांद्यावर घेऊन मी बसने गुडगावला, तूच आखलेल्या त्या इमारतीत आलो. गेटवर गार्ड म्हणाला, "सामान पीछेवाली लिफ्ट से." मी म्हणालो, "मैं आर्किटेक्ट साहब का पिताजी हूँ." तो हसला. मी मुकाट्याने मागे गेलो. लिफ्टमध्ये कचऱ्याचे दोन डबे होते आणि पाटी होती: नोकर, ड्रायव्हर आणि कुत्रे यांच्यासाठी. अकराव्या मजल्यावर दार उघडलं ते तुझ्या स्वयंपाकघराच्या मागे. तिथे तुमची कामवाली लता एका कपाटाएवढ्या खोलीत कोथिंबीर निवडत बसली होती. खिडकी कुठाय, विचारलं तर म्हणाली, "नहीं है, बाबूजी. सोते वक़्त दरवाज़ा खुला रखती हूँ, नहीं तो पैर नहीं आते." मी वितीने भिंत मोजली. जेमतेम पाच फूट.

तुला सांगितलं, तर पाहुण्यांसमोर तू हसलास. "सॉरी बाबा, त्या गार्डला आजच काढायला सांगतो." आणि खोलीबद्दल? "सगळीकडे असंच असतं, बिल्कुल स्टँडर्ड आहे. बिल्डर इंचही सोडत नाही." गार्डने काही चूक केली नाही, प्रफुल्ल. तुझा नकाशा त्याने बरोबर वाचला.

चौतीस वर्षं मी सरकारी ड्राफ्ट्समन होतो. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांमागे नोकरांच्या खोल्या मीही काढल्या. त्यांना खिडकी असायची, एवढ्यावर मी स्वतःला चांगला समजत आलो. म्हणजे ही किळस थोडी स्वतःचीही आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझी आजी हिंगणघाटला एका मोठ्या घरी अंगण झाडायची. तिने मागच्या बोळातूनच यायचं, असा तिथला नियम. मी आठ वर्षांचा होतो. त्या घरी लग्न होतं, पुढचं दार सताड उघडं होतं, बँड वाजत होता. मी धावत पायरी चढलो. मालकाने मला मारलं नाही. सगळी वरात बघत असताना त्याने आजीकडून ती पायरी धुवून घेतली. मला ते तुझ्यापर्यंत पोचू द्यायचं नव्हतं. आता वाटतं, तू दहावीत असतानाच सांगायला हवं होतं.

आई म्हणाली, तुझ्या नव्या ऑफिसला तू 'दादाराव असोसिएट्स' नाव देतो आहेस, शुक्रवारी पाटी लागणार आहे आणि फीत मी कापायची आहे. तिला किती आनंद झालाय, ते मी रोज बघतोय. म्हणून तिला न सांगता हे पत्र टाकतो आहे. माझं नाव लावू नकोस. पाटी रंगवून झाली असेल, तर पुसून घे. आई तुझ्याकडे येत राहील, तिला मी अडवणार नाही. मी येणार नाही. तू मात्र ये. भांडायला आलास तरी चालेल.

तुझाच,
बाबा