हमझाचा कोरा कागद

७८६
पडवीबंदर,
२२ मार्च १९९६

प्रिय भाऊ हारून यास महमुदाआपाचा सलाम आणि पोटभर दुआ. इथे खैरियत आहे असं रिवाजानं लिहायचं म्हणून लिहिते. खरी हकीकत पुढे वाच.

तुझ्या सरपंचीण बहिणीला खुर्चीवरून उतरवायचं घाटतंय. गेल्या वर्षी सीट बायकांसाठी राखीव निघाली, तेव्हा तुझे हमझाभाई तिकडच्या समुद्रात लाँचसकट बेपत्ता होऊन काही महिनेच झाले होते. जमातीनं मलाच उभं केलं. जिच्या नवऱ्याचा पत्ता नाही ती बाई मान वर करणार नाही, दाखवू तिथे सही करील, असा त्यांचा अंदाज. मी केल्याही सह्या. पण खाडीच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एका पार्टीला कोळंबीचे तलाव खोदायचे आहेत, त्या दाखल्यावर मात्र केली नाही. तिथून आपली गोड्या पाण्याची विहीर दोनशे पावलांवर. खारं पाणी आत शिरलं तर गावानं काय समुद्र प्यायचा? एवढं विचारलं आणि सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं.

आता ठरलंय असं, की बकरी ईद आणि दिल्लीची निवडणूक उरकली की १० मेच्या जुम्याला जमातीनं घरटी एक कागद घ्यायचा. महमुदा हवी की नको. घरं सत्तेचाळीस. ‘नको’ जास्त निघाले की पंचायतीतले आपले पाच मेंबर तहसीलदाराकडे अविश्वासाचा ठराव देणार. आणि इथंच घोडं पेंड खातं. तुम्ही गल्फवाले जाताना जमातीचे सेक्रेटरी इमादचाचा यांच्याकडे पाच-पाच कोरे कागद सही करून ठेवून जाता ना, रेशनकार्डाला, घरपट्टीला, पोरांच्या दाखल्याला? ते त्यांच्या पेटीत पडून आहेत. चाचा म्हणाले, ज्या घरचा पुरुष बाहेर आहे त्या घराचा कौल ते त्याच कागदावर लिहून घेतील, बायकांना उगाच तसदी नको. वा रे वा, केवढी ही काळजी!

तर बहरीनमध्ये गावची जेवढी माणसं आहेत त्यांच्याकडून ताजे कागद घे, म्हणजे जुने रद्द. उंटावरून शेळ्या हाकायला तुम्हा लोकांना आवडतंच, या वेळी माझ्यासाठी हाका.

सासूबाई, म्हणजे तुझ्या मुनीराखाला, बऱ्या आहेत. अजून चहाचे तीन कप मांडतात. परवा दिवेलागणीला, मगरिबच्या वेळी पडवीत कोणी खाकरलं. हमझा आला म्हणून त्या उठल्या, आणि खोटं कशाला बोलू, दार मीच धावत जाऊन उघडलं. अंगणात कोणी नव्हतं. कोंबड्यासुद्धा नव्हत्या.

तुझी पत्रं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते, तेव्हा त्यांच्यासाठी दोन ओळी जास्त लिही. आणि लग्नाचं बघ, डोक्यावर चार केस उरलेत तोवर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आपा,
महमुदा


७८६
हूरा, बहरीन,
१२ एप्रिल १९९६

आदरणीय आपास हारूनचा अदबीचा सलाम. मुनीराखालांच्या पायांना हात लावून सलाम सांग.

तुझ्या हुकमाप्रमाणे तीन जुमे वणवण केली. हूऱ्यातली चार घरं हातची होती, ती चहा पिता पिता झाली. हमद टाउनला मात्र नाकी नऊ आले. एकासारखा एक राउंडअबाउट, प्रत्येकाला नुसता नंबर, तिथे माणूस स्वतःच्या घरी पोचतो हेच नवल. गावची इथे चौदा घरं, त्यातल्या नऊ जणांनी ताजे कागद दिले. नववा माझा, तो मोजायला विसरू नकोस! बाकीचे पाच मूग गिळून गप्प. एकजण म्हणाला, महमुदाआपा लाख बरोबर असतील, पण माझे अजून चार कोरे कागद चाचांच्या पेटीत आहेत, उद्या त्यावर त्यांनी माझी जमीन लिहून घेतली तर? त्याचंही खोटं नाही. आपण लोक घराच्या किल्ल्या कमरेला बांधतो आणि सही मात्र वाटत फिरतो.

इथे सहीची गंमत वेगळीच आहे. आमच्या स्टोअरमधला नजीब तुला माहीत आहे, बुदैयाकडचा, ज्याच्या घरचा खजूर मी पाठवतो. इथल्या लोकांनी पार्लमेंट परत द्या म्हणून कागद फिरवला होता, त्यावर त्यानं सही केली. नोकरी गेली. आता पिकअपमधून भाजी विकतो. बुदैयाच्या रस्त्यावर टायर जळतात, गाड्या थांबवून तपासतात, आम्ही कार्ड हातात धरूनच बाहेर पडतो. नजीबला विचारलं, पस्तावलास का? म्हणाला, नाव माझं होतं, मीच लिहिलं, पस्तावू कशाला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

खालांना सांग, शोध चालू आहे. दम्मामला हमझाभाईंसारखा एक माणूस कोणी पाहिला म्हणतात. इंशाल्ला, खबर मिळेल. माझ्या खोलीतला त्यांचा पलंग अजून रिकामाच ठेवलाय, भाडेकरू घेत नाही. कधी कधी खोलीत ओल्या कपड्यांचा वास येतो, एसीचं पाणी गळत असेल.

कागद हमद टाउनच्या मसूदाबाईंबरोबर पाठवत आहे. त्या सोमवारच्या विमानानं येताहेत.

चुकलंमाकलं पोटात घाल.
तुझा
हारून


७८६
पडवीबंदर,
२४ एप्रिल १९९६

हारून यास सलाम व दुआ. कागद पोचले. मसूदाबाईंनी ते पर्समध्येसुद्धा ठेवले नाहीत, अंगावर बाळगून आणले. देव त्यांचं भलं करो.

एकूण एक घराचा अंदाज घेतला. माझ्या बाजूनं तेवीस, विरुद्ध चोवीस. आणि त्या चोवीसात एक घर माझं स्वतःचं आहे.

चाचांनी मला बोलावून हमझाचा कागद दाखवला. पाचातला शेवटचा उरलेला. वर चाचांच्या अक्षरात लिहिलंय की माझी बायको सरपंच म्हणून मला नको. खाली हमझाची सही. ती ‘झ’ची लांब शेपटी, तो मारलेला ठिपका, सगळं त्याचंच. दोन वर्षांनी नवऱ्याचं अक्षर बघितलं रे, आणि ते असं. बोट फिरवावंसं वाटलं, पण चाचा बघत होते.

मी म्हटलं, हा माणूस आहे कुठे? तर म्हणाले, जमातीच्या वहीत तो जिवंत आहे, मौलवीसाहेबांनी चार वर्षं वाट बघायला सांगितलंय, तोवर घर त्याचं आणि कौलही त्याचाच. हां, तो गेला असं मी जमातीसमोर उभी राहून सांगितलं तर बेवा म्हणून घराचा कागद माझा. मग माझे चोवीस, त्यांचे तेवीस. असं बघ, एका वाक्यावर खुर्ची आणि विहीर. आणि ते वाक्य मी बोलेन तेव्हा पडद्यामागे सासूबाई, हमझाच्या अम्मा, बसलेल्या असतील.

बूथवरून फोन करणार होते, पण पाठीमागे चार माणसं उभी असताना असलं कसं विचारू? म्हणून इथे विचारते. तुझी पंधरा महिन्यांची पत्रं काल पुन्हा काढून वाचली. पहिल्या महिन्यात तू दर आठवड्याला लिहायचास, कोणत्या किनाऱ्यावर गेलास, कोणाला भेटलास. फेब्रुवारीपासून एकदम दम्माम, कतार, कोणीतरी पाहिला. हारून, तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. तू काही बघितलंस का? हो किंवा नाही एवढंच लिही. दम्माम नको.

वाट बघते.
आपा


७८६
हूरा,
३ मे १९९६

आपा, सलाम.

हो.

मला इथेच थांबावंसं वाटतंय, पण पंधरा महिने थांबलोच आहे. लाँच गेल्यानंतर तेविसाव्या दिवशी मला ओळख पटवायला बोलावलं. नजीबनं गाडीतून नेलं. चेहरा नव्हता, आपा. पाण्यानं काही ठेवलं नव्हतं. पण अंगात बनियन होतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला चोरखिसा, निळ्या फुलांच्या कापडाचा. तू तुझी जुनी मॅक्सी फाडून शिवला होतास, मी त्यावरून त्यांची टिंगल करायचो. टाके तुझेच होते.

समोर साहेबानं कागद ठेवला. ओळखतो म्हणून सही केली की त्याच क्षणी तू बेवा. माझ्या हातानं! मी म्हटलं, हा आमचा माणूस नाही. आणि तसं लिहून सही केली. नजीबला कळलं होतं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, तुझाच आहे, मग नाही का म्हणालास? मी त्याला यल्ला, चल म्हटलं. त्यांना बेवारस म्हणून पुरलं. मी मातीलासुद्धा गेलो नाही, नजीब गेला. जागा त्याला माहीत आहे.

वाटलं होतं, थोड्या दिवसांनी सांगू. मग तुझी पत्रं यायला लागली, खालांचा सलाम, खालांची आशा. एक खोटं सांभाळायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. हमझाभाई स्वप्नात येतात. रागावत नाहीत, तेच वाईट. पलंगावर बसून बनियन पिळतात आणि विचारतात, माझं नाव काय लिहिलंस रे? मी रोज कामावर शंभर बिलांवर सह्या करतो, प्रत्येक सहीआधी वरचं नाव दोनदा वाचतो.

तू सभेत सांग किंवा सांगू नकोस. पण आता तुला माहीत असू दे. हे खालांना वाचून दाखवू नकोस. कंपनीतला एकजण उद्या निघतोय, त्याच्याबरोबर पाठवतो.

दुआ कर म्हणायला तोंड नाही.
हारून


७८६
पडवीबंदर,
११ मे १९९६

हारून यास,

पत्र गुरुवारी मिळालं. मागच्या दारी उभी राहून वाचलं. घडी घालून कणगीत ठेवलं, भाकऱ्या केल्या, अम्मांना वाढलं. रडायला वेळ मिळाला तो पहाटे, नमाजाचं पाणी घेताना.

काल सभा झाली. इमादचाचा एकेक कागद उचलून वाचत होते. तेवीस-तेवीस झाले आणि त्यांनी हमझाचा कागद वर धरला. मी उभी राहिले. वाक्य पाठ केलं होतं. पण पडद्याखालून अम्मांचा पाय दिसत होता, भेगाळलेला, म्हातारा, आणि माझी जीभ उचलेना. खड्ड्यात गेली खुर्ची असं वाटलं. विहीरसुद्धा गेली खड्ड्यात. मी खाली बसले.

तेव्हा पडद्यामागून अम्मा बोलल्या. त्यांचा आवाज जमातीनं पहिल्यांदा ऐकला असेल. म्हणाल्या, माझा हमझा मेला आहे, मेलेल्याची सही वाचू नका, सुनेचा कागद घ्या. चाचांनी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? तर म्हणाल्या, काल हारूनचं पत्र आलं आणि सुनेनं ते मला वाचून दाखवलं नाही, आईला आणखी काय सांगायला लागतं? चाचांनी कागद फाडला. चोवीस-तेवीस. खुर्ची राहिली. पेटीतले बाकीचे कोरे कागदही बायकांनी तिथल्या तिथे मागून घेतले आणि जाळले.

घरी आल्यावर अम्मा म्हणाल्या, आता वाच. मी सगळं वाचलं, काही गाळलं नाही. चोरखिशाशी आल्यावर त्यांनी मला थांबवून ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, तिथे त्याचं नाव काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही. त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या, त्या अजून उठल्या नाहीत.

हारून, तू मला वाचवायला गेलास हे मला कळतं. त्याबद्दल मी कधी तुला बोल लावणार नाही. पण नवरा माझा होता, त्याचं मरणही माझं होतं. ते तू पंधरा महिने खिशात घालून फिरलास, आणि त्याला परक्या मातीत बेवारस ठेवलंस. कोऱ्या कागदावर चाचांनी काय लिहिलं म्हणून मी त्यांच्यावर संतापले. तू काय वेगळं केलंस?

नजीबला घे आणि ज्या ऑफिसात ती सही केलीस तिथे जा. सांग, मी खोटं लिहिलं होतं, हा हमझा आहे, पडवीबंदरचा, मुनीराचा मुलगा. तुझी नोकरी जाईल, व्हिसा जाईल, कदाचित आतही टाकतील. मला सगळं माहीत आहे, तू माझा एकुलता एक भाऊ आहेस हेही माहीत आहे. तरी जा.

या पत्राखाली दुआ लिहिलेली नाही. त्याच्या डोक्याशी त्याचं नाव लागल्याचं कळव, मग लिहीन.

महमुदा,
हमझाची बेवा