नानकटाईतलं साजूक तूप

ती. बिलकिस फुफीस,

अस्सलाम अलैकुम. गुडघा कसा आहे? इथे आखातात, अल मन्सूऱ्यात, अब्बा आणि मी ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे. नेमकं काय घडलं ते असं:

१. चार तारखेला शेजारचा जियाद गावाहून तुमचा डबा घेऊन आला. नानकटाया चाळीस.
२. अब्बांना स्टेंट बसवून तेव्हा सात आठवडे झाले होते.
३. साहेबांना विचारून मी पाच नानकटाया आमच्या अन्नतपासणीच्या लॅबमध्ये दळल्या.
४. चरबीत ट्रान्स फॅट अकरा टक्के निघालं. मर्यादा दोन.
५. मी रत्नागिरीच्या तुमच्या बेकरीवाल्याला फोन करून चोर म्हटलं.

तुम्ही दरवेळी सांगता, तूप घरचं, साजूक, मी स्वतः बेकरीत नेऊन देते, तो फक्त मळतो आणि भाजतो. म्हणून संशय त्याच्यावर गेला. (पुराव्याआधी निष्कर्ष. लॅबमध्ये असं केलं असतं तर नोकरी गेली असती.) तो शांतपणे म्हणाला, "बाय, तुझी फुफी वीस वर्षं सुटं वनस्पतीच आणते. त्यातलं मी काय चोरू?" मी माफी मागितली. (त्याने ती दिली आणि माझ्या लग्नाची चौकशी केली.)

वनस्पती म्हणजे पातळ तेलात हायड्रोजन घालून थिजवलेलं तूप. ते अर्धवट थिजवलं की ट्रान्स फॅट तयार होतं. त्याने वाईट कोलेस्टेरॉल चढतं, चांगलं उतरतं, आणि अब्बांसारख्यांची रक्तवाहिनी पुन्हा बुजू शकते. हे सगळं मी अब्बांना अहवालासकट समजावलं. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"मला ठाऊक आहे," म्हणाले.

"कधीपासून?"

"तुझ्या फुफांची बोटीवरची नोकरी गेली, त्या सालापासून. तूप कुठून आणणार ती? तरी थोरली बहीण म्हणून आपाने डबा धाडला, वर साजूक म्हणून सांगितलं. मी काय झडती घेऊ? आणि खबरदार तिला कळवलंस तर!" मग माझ्यादेखत एक उचलून खाल्ली. खलास.

म्हणजे ते चवीसाठी खात नाहीत. तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून खातात. याच्यावर आमच्या लॅबमध्ये उपाय नाही. तुमच्यावर मी रागावलेली नाही. (रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही.)

तुमची,
रिदा

ता. क. जियाद शुक्रवारी परत गावी निघतोय. त्याच्याबरोबर दोन किलो साजूक तूप पाठवायचा विचार आहे. (तपासलेलं आहे. साजूक तुपातही थोडं ट्रान्स फॅट मुळातच असतं, आणि अब्बांना तेही मोजूनच द्यायचं. तेव्हा यापुढे डबा दहाचा.)

ता. क. २. हे पत्र अब्बांना माहीत नाही. डब्यावर नेहमीसारखंच "साजूक तुपातली" लिहा, म्हणजे त्यांना काही कळणार नाही. तूप पाठवू की नको, ते गुरुवारपर्यंत कळवा.