लोडाखालचा खंड

अण्णा, "सापडलं म्हणजे दाखवलंच पाहिजे, असं तुला कुणी सांगितलं?" हे तुमचं वाक्य इतक्या वर्षांत माझ्या कानांतून गेलेलं नाही. निवाडे शोधायला मला तुम्हीच शिकवलंत. आधी सूची पाहायची, मग मूळ निवाडा वाचायचा, मग पुढच्या खंडांतून तो कुणी फिरवला तर नाही ना, हे तपासायचं. बायकांना वकिलीची सनद मिळू लागून फार दिवस झाले नव्हते. कायदा शिकणारी तुमची मुलगी सुट्टीत कर्जतला येऊन ओटीवर खंड पसरून बसते, याचा तुम्हाला अभिमान होता. तो खोटा नव्हता, म्हणूनच राग जात नाही.

कोंडाण्याच्या वरच्या वाडीतल्या एका ठाकरणीचा दावा होता. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजावी लागते, त्या राबासाठी तिच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या एका डोंगरावरून टहाळ तोडत आले होते. डोंगराच्या मालकानं ते बंद केलं, आणि मालकाचे वकील तुम्ही. तुमच्यासाठी शोधताना मला सापडला तो नेमका तिच्या बाजूचा निवाडा. मी धावतच तुम्हाला दाखवायला आणला. तुम्ही सावकाश वाचलात, ते वाक्य बोललात, खंड लोडाखाली सरकवलात आणि वर रेललात.

संध्याकाळी तिचे वकील आले, दहिवलीचे म्हातारे. त्यांना तोच खंड हवा होता. तालुक्यात तो तुमच्याकडेच होता, आणि उद्या समोरासमोर उभं राहायचं असलं तरी वकिलांनी एकमेकांना पुस्तक द्यायचं, ही इथली रीत.

"बांधणीला मुंबईला धाडलाय हो. वाळवी लागली."

"तुमची वाळवी मोठी हुशार, वकीलसाहेब. बरोबर आमचीच पानं खाते!"

तुम्ही हसलात. लोडावरून हलला नाहीत. मी मागच्या दारानं रस्त्यावर जाऊन त्यांना गाठलं आणि निवाडा पानासकट तोंडी सांगितला.

दुसऱ्या दिवशी, शिकावं म्हणून, तुम्हीच मला कोर्टात मागच्या बाकावर बसवलंत. त्यांनी निवाडा मांडला. तो त्यांना कुणी सांगितला, हे मात्र बोलले नाहीत. तुम्ही उठलात आणि शांतपणे म्हणालात, "पुस्तक दाखवा." पुस्तकाशिवाय न्यायाधीश ऐकायला तयार नव्हते. दावा तिथेच बुडाला.

बाहेर त्या ठाकरणीनं मला विचारलं, "ताय, कागदात आमचं कायच नव्हतं का गं?"

"होतं."

"मंग वाचलं का नाय?"

तुम्ही छत्री उघडून माझी वाट पाहत उभे होतात. "चल गं, ऊन लागेल," म्हणालात. माझ्या उन्हाची तुम्हाला किती काळजी!

तुमच्या मागे ते सगळे खंड आता माझ्याकडे आहेत. समोरच्या बाजूचा वकील मागायला आला की मी देते. पण देताना हात क्षणभर अडतो, आणि तो अडणारा हात तुमचा असतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिलेला हा कागदही त्याच खंडात राहील.

एकच मागते. ते म्हातारे अजून दारात उभे आहेत असं समजा आणि एकदा, फक्त एकदा, त्या लोडावरून उठा. तुम्ही उठणार नाही, ठाऊक आहे मला.