मुक्ताची हाडं मजबूत करण्याची मोहीम

३ जानेवारी
मुक्ताचा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी जवळपास नाहीच. सात वर्षांची पोरगी, पाय दुखतात म्हणून रडते. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, वर दुपारचं ऊन सांगितलं. येताना देवास गेटपाशी बाटली नाल्यात भिरकावली. सूर्य काय मेलाय? उद्यापासून युद्ध.

४ जानेवारी, पहाटे
देवश्री म्हणाली, डॉक्टर दुपारचं म्हणाले होते. बायकोला सुनावलं, आमच्या घराण्यात बाळंतिणीपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे कोवळ्या उन्हातच शेकलेत. शिवाय दुपारी मला ऑफिस. मुक्ताला स्वेटर, मोजे, माकडटोपी घालून गच्चीवर उभं केलं. धुकं होतं. पण धुक्याआड सूर्य असतोच.

७ जानेवारी
पुन्हा धुकं. मुक्ता रडली. पाठीत धपाटा घातला. रडण्यानेही व्यायाम होतो.

९ जानेवारी
धुकं हटलं, तर शत्रू हजर. शेजारचे गोपाळकृष्णकाका भैरवगढच्या छापील चादरी विकतात. धुतलेल्या सगळ्या चादरी आमच्या पूर्वेला टांगलेल्या. मी दोरी कापली. काका म्हणाले, भेजा सरकलाय का, दुपारी गच्चीभर ऊन असतं तेव्हा आणा की पोरीला. कॉलर धरली. त्यांनी बादली हाणली. माझा ओठ फुटला, त्यांचा चष्मा. विजय आपलाच.

११ जानेवारी
घरात फितुरी. देवश्री नवी बाटली आणून पोरीला चोरून थेंब पाजत होती. हिसकावून भिंतीवर फोडली. मुक्ता आता मला बघितलं की लपते. शिस्त लागतेय.

१४ जानेवारी, सकाळ
संक्रांत. सूर्याचाच सण, आज हयगय नाही. मुक्ता पलंगाच्या पायाला मिठी मारून बसली. हात धरून ओढलं. फार जोरात नाही, बाप ओढतो तेवढंच. कट्‌ आवाज आला. वाटलं, पलंग मोडला.

१४ जानेवारी, दुपार, दवाखाना
पोरीचा हात मोडलाय. हाडं ठिसूळ आहेत म्हणे. मग मी दुसरं काय सांगत होतो? मला भीती वाटतेय, पण ती वेगळी गोष्ट. पोर पलंगावरून पडली, असं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मुक्तालाच हिंदीत विचारलं. तिनेही हिंदीत नीट सांगितलं, मैं गिरी नहीं, बाबा हड्डी मज़बूत कर रहे थे.

देवश्रीने मला बाहेर थांबायला सांगितलं. अजून बाहेरच आहे.